घरची तालीम आणि झाकलेली पानं

"आपा, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंय. पण पद्धत कोणती धरू?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक तरुण आई-बाप असतात, दोघंही शिकलेले. त्यांच्याकडे यादी तयार असते : माँटेसरी, शार्लट मेसन, वॉल्डॉर्फ, अभ्यासक्रमच नको म्हणणारी मुक्त पद्धत आणि आता 'इस्लामी होमस्कूलिंग' नावाचा एक नवा प्रकार. कायद्याचं काय, दहावीचं काय, हे प्रश्नही असतात. त्यांचं उत्तर त्या मानानं सोपं आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, त्यात घरच्या शिक्षणाबद्दल स्पष्ट असं काही म्हटलेलं नाही, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. अवघड आहे तो तत्त्वाचा प्रश्न.

तो आज पडलेला नाही, एवढंच मला इथं सांगायचं आहे. दीडशे वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमान घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, याच प्रश्नावर पुस्तकं लिहिली गेली, ती खपली, त्यांच्यावर बंदीचे सल्ले दिले गेले आणि एखादं जाळलंही गेलं. ते वाचताना मला एक कसोटी सापडली. कोणतंही शिक्षणतत्त्व समोर आलं की ते मुलाला काय शिकवतं हे आपण आधी बघतो. त्याऐवजी ते मुलापासून काय दूर ठेवतं हे बघावं. शिकवायच्या गोष्टींची यादी सगळ्यांचीच देखणी असते. खरा स्वभाव कळतो तो झाकलेल्या पानांवरून.

बी.एड.ला 'शिक्षणाचे तात्त्विक अधिष्ठान' म्हणून जो पेपर होता, त्यात पहिलं नाव रूसोचं. त्याचं 'एमिल' १७६२ चं. शाळा नाही, वर्ग नाही. एक मुलगा आणि एक शिक्षक, निसर्गाच्या सान्निध्यात. म्हणजे घरच्या शिक्षणाचा हा आद्यग्रंथच म्हणा. पण हा एमिल बराच मोठा होईपर्यंत त्याच्या हाती पुस्तक पडत नाही, आणि पडतं तेव्हा एकच, 'रॉबिन्सन क्रूसो'. सोफी नावाची मुलगी पुस्तकात येते ती एमिलची बायको व्हायला, आणि तिचं शिक्षण पुरुषाला आवडेल असं व्हावं एवढ्यासाठीच. स्वतःची पाच मुलं रूसोनं अनाथालयात टाकली, हे आम्हाला पेपरात नव्हतं.

रूसोच्या नादी लागलेला एक इंग्रज होता, टॉमस डे. त्याला एमिलची सोफी प्रत्यक्षात घडवायची होती. १७६९ मध्ये त्यानं अनाथालयातून दोन मुली आणल्या. त्यांतल्या एकीचं नाव ठेवलं सॅब्रिना. ती धीट व्हावी म्हणून तिच्या हातावर वितळलेली लाख टाकायची, तिच्या घागऱ्याच्या दिशेनं पिस्तूल झाडायचं, असे त्याचे पाठ होते. पोर किंचाळली. पुढे त्यानं प्रयोग सोडून दिला आणि लग्न दुसरीशीच केलं. याच डेनं नंतर मुलांसाठी 'सँडफर्ड अँड मर्टन' नावाचं गोष्टीचं पुस्तक लिहिलं, ते १७८३ ते १७८९ या काळात तीन भागांत आलं. गर्भश्रीमंताचा लाडावलेला मुलगा, शेतकऱ्याचा शहाणा मुलगा आणि त्यांना प्रश्नोत्तरांतून शिकवणारे एक गुरुजी. हे पुस्तक लक्षात ठेवा. ते दिल्लीला येणार आहे.

दिल्लीला, म्हणजे डेप्युटी नझीर अहमद यांच्या घरी. बिजनौर जिल्ह्यातलं गरीब घर. दिल्लीत मशिदीत राहून, लोकांच्या घरची भाकरी गोळा करून शिकलेला हा मुलगा पुढे दिल्ली कॉलेजात गेला. शाळांचा डेप्युटी इन्स्पेक्टर झाला. इंडियन पीनल कोडच्या उर्दू भाषांतरात त्याचा मोठा हात होता, आणि त्यानंतर तो डेप्युटी कलेक्टर झाला. शाळा तपासणाऱ्या या माणसाच्या मुली मात्र घरीच शिकत होत्या. शरीफ घरात दुसरी पद्धतच नव्हती. कुराण, नमाज-रोज्याच्या छोट्या पुस्तिका, आणि संपलं. मुलींना आवडेल आणि शहाणपणही येईल असं पुस्तक शोधून मिळेना, तेव्हा ते स्वतः लिहू लागले. मोठ्या मुलीसाठी 'मिरात-उल-उरूस', धाकटीसाठी 'मुंतखब-उल-हिकायात', मुलगा बशीरसाठी 'चंद पंद'. चार-दोन पानं लिहून झाली की मुली पुढची मागायच्या.

छपाईची गोष्ट मजेची आहे. शिक्षण खात्याचे डायरेक्टर केम्पसन दौऱ्यावर होते. तट्टावर बसलेला छोटा बशीर त्यांना भेटला. काय वाचतोस, असं विचारल्यावर त्यानं आपलं पुस्तक सांगितलं, आणि ताईचं याहून चांगलं आहे असंही सांगितलं. साहेबांनी हस्तलिखितं मागवून घेतली. १८६८ सालीच सरकारनं देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांना बक्षिसं जाहीर केली होती. 'मिरात-उल-उरूस' १८६९ मध्ये छापलं गेलं, त्याला एक हजार रुपये मिळाले आणि सरकारनं दोन हजार प्रती घेतल्या. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिचं नाव घेतो ती अशी एका बापानं घरच्या अभ्यासासाठी लिहिलेली वही होती.

त्यातल्या दोन बहिणी उर्दू माध्यमात शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतात. नानीच्या लाडानं बिघडलेली अकबरी, जिला एक भोंदू हज्जन दागिन्यांसकट लुबाडते. आणि असगरी, जी सासरी येते, हिशेब तपासते आणि वर्षानुवर्षं घर पोखरणाऱ्या मामा अजमत या मोलकरणीची चोरी उघडी पाडते. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईचा घराला फायदा होतो, हा नझीर अहमदांचा युक्तिवाद. मला तो तोकडा वाटतो. असगरीला काही आवडतं का, ती कधी उगाच हसते का, पुस्तकात दिसत नाही. पण १८६९ मध्ये बापांच्या गळी उतरेल असा दुसरा युक्तिवाद कोणता होता, हेही विचारायला हवं.

असगरी पुढे घरातच मुलींचा मकतब चालवते, आणि त्याची हकीकत सांगणारा दुसरा भाग म्हणजे 'बनात-उन-नाश'. हुस्नआरा नावाची श्रीमंताघरची उद्धट मुलगी तिथं येते आणि गप्पांतून, प्रश्नांतून, पृथ्वी गोल का, वस्तू खाली का पडते, इथपासून शिकत जाते. हा सांगाडा टॉमस डेच्या 'सँडफर्ड अँड मर्टन'चा आहे. म्हणजे बघा, रूसोनं मुलीला नाकारलेलं शिक्षण, डेनं मुलीवर प्रयोग फसल्यावर मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक, ते नझीर अहमदांच्या हातून दिल्लीच्या जनानखान्यात मुलींपर्यंत पोहोचलं. तत्त्वज्ञ काय म्हणाला आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं, यांचा फारसा मेळ नसतो.

आता झाकलेली पानं. तिसरी कादंबरी 'तौबत-उन-नसूह', १८७४ ची. दिल्लीत कॉलरा येतो. नसूह मरणाच्या दारातून परत येतो, आजारात त्याला कयामतचं स्वप्न पडतं, आणि तो ठरवतो की आपण मुलांना वाढवलं पण तर्बियत दिली नाही, आता घर सुधारायचं. तालीम आणि तर्बियत हे उर्दूत जोडीनं येणारे शब्द. पहिला ज्ञानाचा, दुसरा संस्काराचा, वळणाचा. घरच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या आजच्या पालकांना बहुतेक वेळा दुसराच हवा असतो. नसूहचंही तसंच. बायको फहमीदा त्याच्या बाजूनं उभी राहते, धाकटी मुलं ऐकतात. थोरला कलीम ऐकत नाही. तो शायर आहे, तो घर सोडून जातो. नसूह त्याच्या खोलीत शिरतो आणि त्याची पुस्तकं जाळून टाकतो. याच कादंबरीत फहमीदाला जुनी आठवण येते : नवऱ्यानं तिला सादीचं 'गुलिस्ताँ' शिकवलं होतं, तेव्हा त्यातला काही मजकूर आधीच झाकून टाकला होता. ज्या पुस्तकावर शेकडो वर्षं मुलं फारसी शिकली, तेही घरच्या मास्तरांना अख्खं देववलं नाही.

कलीम शेवटी जखमी होऊन मरतो. कादंबरीच्या हिशेबानं तो धडा आहे. मी मात्र वर्गात हा भाग जेव्हा जेव्हा शिकवला, तेव्हा मुलांचं मन कलीमकडेच गेलेलं दिसलं. नझीर अहमदांची लेखणीही त्याच्यापाशी जरा जास्तच रमते, असं माझं मत आहे. आणि नियती अशी की उतारवयात त्यांनी पैगंबरांच्या पत्नींविषयी 'उम्महात-उल-उम्मा' हे पुस्तक लिहिलं, त्याच्या भाषेवरून उलेमा संतापले आणि त्याच्या प्रती जाळल्या गेल्या. कागदावर पुस्तकं जाळणाऱ्या लेखकाच्या हयातीत.

दुसरं घराणं मौलाना अशरफ अली थानवींचं. 'बहिश्ती जेवर' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भागाभागांनी आलं. माझ्या नानीच्या पेटीत ते होतं, आणि तिच्या पिढीच्या पुष्कळ बायकांच्या पेटीत असेल. मुलीला लग्नात द्यायचं पुस्तक म्हणूनच त्याची ओळख. न वाचता त्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. वाचलं तर चकित व्हायला होतं. अलिफ-बे पासून सुरुवात. मग पत्राचे नमुने, वडिलांना कसं लिहावं, नवऱ्याला कसं लिहावं. हिशेब. मनीऑर्डर आणि टपालाचे नियम. साबण करण्याची कृती, स्वयंपाक, औषधं. आणि अर्थात मसले, सविस्तर. एवढं पुस्तक नीट शिकलेली बाई मध्यम दर्जाच्या आलिमच्या बरोबरीची होईल, असा थानवींचा दावा होता. बाईला अक्षर लिहायला शिकवू नये असं मानणारी घरं भरपूर होती, त्या काळात हा दावा लहान नव्हे. बाई मुळात कमी अकलेची म्हणून तिला कमी शिकवा, असं या पुस्तकात नाही. पुरुषाला लागणारी तीच शिस्त तिलाही लागते, हा त्याचा पाया आहे.

पण याच पुस्तकाच्या शेवटाकडे कोणती पुस्तकं वाचावीत आणि कोणती वाचू नयेत याच्या याद्या आहेत. न वाचायच्या यादीत नझीर अहमद आहेत, 'मिरात-उल-उरूस' आणि 'बनात-उन-नाश' दोन्ही. त्यांत शहाणपण आणि सलीका आहे, पण काही ठिकाणी दीन कमजोर होईल असं काही आहे, हे कारण. नझीर अहमदांनी सादी झाकला, थानवींनी नझीर अहमद झाकले. प्रत्येकानं मुलीला एक दार उघडून दिलं आणि त्याच हातानं दुसरं लावून घेतलं.

यावर कुणी म्हणेल, हे धर्माचं झालं. नाही. माँटेसरीबाई लहान मुलांना पऱ्यांच्या कल्पित गोष्टी देऊ नयेत म्हणत. वॉल्डॉर्फवाले सातव्या वर्षापर्यंत अक्षर शिकवण्याची घाई करत नाहीत. रूसोनं तर पुस्तकंच बाजूला ठेवली. शार्लट मेसन सारांश करून कोरडी झालेली क्रमिक पुस्तकं मुलांपासून लांब ठेवायच्या. यांपैकी काही बंधनं मला पटतात, काही नाहीत. मुद्दा असा की शाळेत एका शिक्षकानं झाकलेलं पान दुसऱ्या शिक्षकाच्या तासाला, नाहीतर शेजारच्या बाकावर उघडतं. घरात शिक्षक, परीक्षक, ग्रंथपाल आणि अब्बा एकच असतात. तिथं झाकलेलं पान झाकलेलंच राहतं. म्हणून घरी शिकवणाऱ्यानं आपण काय झाकतो आहोत हे स्वतःला स्पष्ट विचारणं शाळेपेक्षा जास्त निकडीचं.

सर सय्यद अहमद खान यांचं उदाहरण मला यात सगळ्यांत गुंतागुंतीचं वाटतं. त्यांचा धडा ऐकणारी त्यांची आई होती, अजीजुन्निसा. जवळ सुताच्या तीन लडींचा चाबूक ठेवायची, पण मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. अकरा-बारा वर्षांच्या सय्यदनं एका म्हाताऱ्या नोकराला थप्पड मारली तेव्हा तिनं त्याला घराबाहेर काढलं. तीन दिवस तो मावशीकडे लपून राहिला, आणि नोकराची माफी मागितल्यावरच घरात आला. तर्बियत म्हणतात ती ही. आता अशा आईच्या हाताखाली वाढलेला, अलीगढचं कॉलेज काढणारा हा माणूस १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे काय म्हणाला? मुसलमान मुलींसाठी सरकारी शाळांची वेळ अजून आलेली नाही. आधी पुरुष शिकू देत. घरची तालीम त्यांनी आईकडून इतकी उत्तम अनुभवली होती की सगळ्या मुलींना घरात तीच मिळत असेल असं त्यांना वाटलं असावं.

त्याच वर्षी त्याच आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. घरच्या शिक्षणाचं त्यांच्याइतकं झळाळतं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला तोंडी पाठ देऊन पंडिता केलं. एकही शाळा न पाहता तयार झालेल्या या बाईनं आयोगाकडे काय मागितलं? मुलींसाठी स्त्री-शिक्षिका, त्यांचं प्रशिक्षण, बायकांसाठी बायका डॉक्टर. घरात मिळालेलं आपलं नशीब हा इतरांसाठी नियम होऊ शकत नाही, हे तिला कळलं होतं. या एका मुद्द्यावर मी सर सय्यदांपेक्षा रमाबाईंच्या बाजूनं आहे, आणि मुसलमान शिक्षिका म्हणून ते म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती बीबी अशरफ. जन्म १८४० चा, नझीर अहमदांच्याच बिजनौर जिल्ह्यातला. शिया सय्यदांचं घर. घरच्या मुलींना कुराण शिकवायला एक विधवा उस्तानी ठेवलेली. तिनं पुनर्विवाह केला. शरीयतमध्ये त्याला काडीची मनाई नाही, पण घराण्याच्या इभ्रतीला ते सोसलं नाही. उस्तानी गेली आणि मुलींचे धडेही गेले. आई लहानपणीच वारली, वडील दूर ग्वाल्हेरला. अशरफनं कुराण नेटानं स्वतःच पुरं केलं. पण तिला हवं होतं ते उर्दू. मोहरमच्या मजलिसीत बायका मर्सिये वाचतात ते तिला स्वतः वाचायचे होते. शिकवायला कुणी तयार नाही, आणि मुलीनं लिहिणं तर घरात वर्ज्यच.

मग ती तव्याची काजळी काढायची, केरसुणीच्या काडीची लेखणी करायची आणि कुठून तरी मिळवलेल्या पुस्तकांतली अक्षरं उतरवत बसायची. अर्थ कळत नसताना, नुसते आकार. पुढे नात्यातला एक धाकटा मुलगा तिच्याकडे कुराणाचा धडा पक्का करायला येऊ लागला. त्याला उर्दू येत होतं. तिनं त्याला कुराण शिकवलं आणि बदल्यात त्याच्याकडून उर्दू वाचायला शिकली. मी बी.एड.ला सहाध्यायी अध्ययन हा शब्द पाठ केला होता. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालं नाही.

इथं माझी एक तक्रार आहे. बीबी अशरफची गोष्ट हल्ली प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. बघा, जिद्द असली की काहीही होतं! अरे, पण त्या वाड्यात आणखी मुली होत्याच की. प्रत्येकीच्या अंगी काजळीनं लिहिण्याची जिद्द कुठून येणार? त्यांचं काय झालं, ते लिहून ठेवायला त्यांना लिहिताच येत नव्हतं. मुलाच्या आतल्या ओढीवर सगळं सोडून देणाऱ्या मुक्त पद्धतीवाल्यांनाही मी हेच विचारते. ओढ खरी असते, पण तिला पुस्तक, दिवा आणि विचारायला माणूस लागतो.

बीबी अशरफ पुढे विधवा झाल्या आणि लाहोरच्या व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये शिकवू लागल्या. घरात कोंडलेली विद्या घेऊन त्या शाळेत आल्या. आपण वाचायला कसं शिकलो याची हकीकत त्यांनी लिहिली आणि ती १८९९ मध्ये 'तहजीब-ए-निसवाँ'मध्ये छापून आली. हे बायकांचं साप्ताहिक लाहोरहून आदल्याच वर्षी सुरू झालं होतं, संपादक मुहम्मदी बेगम. त्यांचे पती सय्यद मुमताज अली मूळचे देवबंदचे. स्त्री-पुरुष अकलेनं समान आहेत असं मांडणाऱ्या आपल्या 'हुकूक-ए-निसवाँ'चं हस्तलिखित त्यांनी सर सय्यदांना दाखवलं, तर त्यांनी ते संतापून फाडून टोपलीत टाकलं असं सांगतात. मुमताज अलींनी ते सर सय्यद गेल्यावर, १८९८ मध्येच छापलं.

हे साप्ताहिक घरात बसून शिकणाऱ्या बायकांचं होतं, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. ते पडद्यातल्या घरी टपालानं यायचं, पण त्यातला मजकूर एका घराचा नव्हता. वाचणाऱ्या लिहीत, लिहिलेल्याला दुसरी उत्तर देई. आपल्या मुंबईत तय्यबजी घराण्यानं असाच काहीसा प्रकार घरातल्या घरात केला होता. कुटुंबाच्या घरांत एक वही उघडी असायची, 'अखबार की किताब'. घरातली माणसं, बायका, मुलं, आलेले पाहुणे, कुणीही त्यात लिहावं आणि कुणीही वाचावं. मूळची गुजराती बोलणारी ही माणसं ठरवून उर्दूत लिहू लागली होती. घरच्या शिक्षणाची इतकी स्वस्त आणि इतकी मोकळी युक्ती मी दुसरी पाहिली नाही. त्यात वडिलांची चूक मुलगी वाचू शकते.

याच गोतावळ्यातली अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेली. तिथून तिनं बहिणींना उर्दूत पत्रं धाडली. तास कसे होतात, वर्गात काय शिकवतात, जेवायला काय असतं, कोण भेटलं, थंडी किती. तब्येत बिघडल्यामुळे पदवी न घेताच ती परतली. पण पत्रं तोवर लाहोरच्या 'तहजीब-ए-निसवाँ'मध्ये छापून येत होती, आणि ज्या घरांतून मुलीला गल्लीतल्या शाळेतही पाठवत नव्हते, त्या घरांत लंडनच्या कॉलेजचं वेळापत्रक वाचलं जात होतं.